नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला

मी एम.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा मला माहेरी, आंजीला येऊन तिसरं वर्ष लागलं होतं. तिसऱ्या वर्षी लोक विचारायचं सोडून देतात. आधी शेजारच्या बाया विचारायच्या, किती दिवस आहेस? मग विचारायला लागल्या, जावई येत नाहीत का कधी? त्यानंतर पौर्णिमेला विहारात भेटल्या तरी नुसतं 'बरं आहे ना' म्हणून पुढे सरकायच्या. मलाही ते सोयीचं होतं. सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. नवऱ्यानं कधी हात उगारला नव्हता, तो पीत नव्हता, दुसरी कोणी बाई नव्हती. हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर कामाला होता. घरात आई आणि तो, एवढीच माणसं. लग्न जमवताना त्यांना बी.एड. झालेली मुलगी हवी होती आणि मी बी.एड. होते. आज ना उद्या शिक्षक भरती निघेल, सून मास्तरीण होईल, अशी त्यांची आशा होती. माझ्या बाबांचीही तीच होती, माझीही.

भरती निघाली ती कोर्टात अडकली. सुटली तेव्हा माझ्या विषयाच्या जागा नव्हत्या. रोज संध्याकाळी तो जिनिंगमधून यायचा, हातपाय धुता धुता विचारायचा, "काई निघालं का?" आवाज न चढवता, पाऊस पडला का विचारावं तसं. मी नाही म्हणायचे. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या, पण त्यांची पाठ ऐकत असायची. पुढे पुढे त्यानं विचारणं बंद केलं. आल्यावर नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि त्यानं मी जास्त थकायचे. मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई आधीच गेलेली, करायला कोणी नाही, म्हणून मी आंजीला आले. डोळा बरा झाला आणि मी परत गेले नाही. त्यानंही बोलावलं नाही. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे समेट करायला चार माणसं बसवावीत असंही कोणाला वाटलं नाही. हिंगणघाटला विचारलं तर 'माहेरी गेली हाय' आणि आंजीत विचारलं तर 'बापाजवळ हाय', यावर दोन्हीकडचं भागत होतं.

आंजीला बाबांचं शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास, अशा घरात मी वाढले. परत आल्यावर मी वर्ध्याच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवू लागले. पगार बसच्या पासापुरता आणि वर थोडा. त्या शाळेत आठवीत एक मुलगी रोज तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकवायची. बाकीचे शिक्षक तिला उभं करायचे. मी करत नव्हते, कारण मला स्वतःलाच तिसऱ्या तासापर्यंत डोकं टेकवावंसं वाटायचं. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि सुट्टी संपेपर्यंत घरातलं सांगत राहिली. मी ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मग मी आता काय करू?" मला काही सुचलं नाही. घंटा झाली आणि मी तिला वर्गात पाठवलं. ती पुन्हा कधी आली नाही. त्या वर्षी मी एम.एड.ची प्रवेश परीक्षा दिली आणि मार्गदर्शन व समुपदेशन हा विषय घेतला. या मुलीमुळेच घेतला असं म्हणणं खोटं होईल. घरी नुसतं बसवत नव्हतं, हेही त्यात होतं. पण ती मुलगी माझ्या डोक्यात होती.

फी माझ्या आवाक्यातली नव्हती. आमच्या प्रवर्गाला सरकारी शिष्यवृत्ती मिळते, फी थेट कॉलेजला आणि थोडा निर्वाहभत्ता आपल्या खात्यात, एवढ्यावर मी प्रवेश घेतला होता. बी.एड.ला ती मिळालीही होती. तेव्हा बाबांच्या उत्पन्नाचा दाखला लावला होता. या वेळीही तोच घेऊन मी कॉलेजच्या ऑफिसात गेले.

शिष्यवृत्तीचं काम बघणारे बाबू पन्नाशीचे होते. त्यांच्या टेबलाभोवती कायम सात-आठ जण उभे असायचे आणि ते मान वर न करता कोण आहे ते ओळखायचे. त्यांनी माझा दाखला पाहिला, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र मी काढलेलं नव्हतं. का नव्हतं, हेही मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"लग्न झालं ना तुमचं?"

मी हो म्हटलं.

"मग वडलांचा चालत नाई. मिस्टरांच्या उत्पन्नाचा लागते."

मी हळू आवाजात सांगितलं की मी वडिलांकडेच राहते. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू, पण ते सगळे ऐकत होते. बाबूंनी विचारलं, घटस्फोट झाला का? नाही म्हटल्यावर त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला. मग त्यांच्या परीनं चांगुलपणानंच म्हणाले की अर्जात परित्यक्ता असा एक पर्याय आहे, तो टाका. गावातून तसा दाखला आणा, एक प्रतिज्ञापत्र करा, वडिलांचं उत्पन्न चालून जाईल. सोपं पडेल.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते एका मोटारीची जुनी तार उकलत होते. म्हणाले, सोपं आहे तर लिहून दे, कोण बघायला येतं? मी म्हटलं, परित्यक्ता म्हणजे काय माहीत आहे का? नवऱ्यानं टाकून दिलेली. बाबांचा हात थांबला. मी भाकरी टाकून आले तरी ते तसेच बसले होते.

"टाकून देल्लेली नको लिहू," ते म्हणाले. "तुले कोनं टाकलं? तू आपल्या पायानं आली."

त्यांना लाज वाटत होती की अभिमान, ते मला कळलं नाही. मला तर दोन्ही वाटत नव्हतं. त्यानं मला टाकलं असं शपथेवर लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं. आणि तो एरवी कसाही असला तरी त्यानं न केलेली गोष्ट त्याच्या नावावर लावायला माझं मन घेत नव्हतं.

मग दिवाळीनंतरचे बरेच दिवस मी काहीच केलं नाही. सकाळी आंजीहून बस, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी एका शिकवणीत दोन तास, रात्री बस. शाळेची नोकरी सुटली होती. अर्जाची मुदत एकदा वाढली, पुन्हा वाढली. बाबू दिसले की मी दुसऱ्या जिन्यानं जायचे.

आम्हाला समुपदेशन शिकवायला एक मॅडम होत्या. निवृत्तीला आलेल्या, बारीक आवाजाच्या. त्यांच्या तासाला तिघींचे गट करून सराव असे. एकीनं समुपदेशक व्हायचं, एकीनं अडचण घेऊन यायची, तिसरीनं निरीक्षण लिहायचं. अडचण शक्यतो स्वतःची आणा, असं मॅडमचं सांगणं असायचं. आम्ही सगळ्या परीक्षेची भीती, मुलाचा अभ्यास, असलं काहीतरी आणायचो. त्या दिवशी माझी पाळी आली आणि मी इतकी थकलेली होते की नवीन काही रचायला डोकं चालेना. मी सरळ सांगून टाकलं की मला नवऱ्याकडे जाऊन त्याच्या उत्पन्नाचा दाखला मागायचा आहे, आणि तीन वर्षांत आम्ही बोललेलो नाही.

समोर बसलेली मैत्रीण गांगरली. पण तिनं शिकवल्याप्रमाणे पाठ सरळ केली आणि विचारलं, "याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मला हसू आलं. तिलाही आलं. निरीक्षण लिहिणारीनं काही लिहिलं नाही. तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. त्यांना कोणी सांगितलं की त्यांनी लांबून ऐकलं, मला माहीत नाही. त्यांनी मला काही समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या की फोन करू नकोस, फोनवर माणूस नाही म्हणून मोकळा होतो. दिवसा जा, आणि तो कामावर असेल तेव्हा जा.

मी तसंच केलं.

कापसाचा हंगाम जोरात होता. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि छोट्या गाड्यांची रांग लागली होती. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि सरकीचा तो गोडसर जड वास, जो एके काळी माझ्या नवऱ्याच्या सगळ्या कपड्यांना यायचा. तो काट्याच्या खिडकीत बसला होता. मला त्यानं पाहिलं, एका गाडीचं वजन सांगितलं, पुढची गाडी घेतली. मी लिंबाखालच्या बाकावर बसले. चार-पाच गाड्या झाल्यावर त्यानं दुसऱ्याला खिडकीत बसवलं आणि बाहेर आला. केस पांढरे झाले होते असं मला वाटलं. जवळ आल्यावर कळलं, कापूस होता.

"काऊन आली?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. एम.एड. करते आहे, शिष्यवृत्तीला नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ऐकत राहिला.

"म्हंजे माह्या कमाईवर तू शिकणार?"

"तुमच्या कमाईवर नाही. तुमची कमाई कमी आहे, त्यावर."

मला असं बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. त्याचा चेहरा थोडा ओढल्यासारखा झाला आणि मग तो चक्क हसला. संसारात तो माझ्या बोलण्यावर हसल्याचं मला आठवत नाही. त्यानं पोऱ्याकरवी न मागवता स्वतः जाऊन दोन चहा आणले. चहा पिता पिता त्यानं विचारलं की लग्न मोडलं असं कॉलेजात सांगता येत नाही का. मी म्हटलं, येतं, पण मग तुम्ही मला टाकलं असं लिहून द्यावं लागतं.

तो काटा सोडून लांब रांगेकडे बघत होता.

"मी कुठं टाकलं? तू गेलती."

"हो."

"आन मी बी आलो नाई बलावाले."

आमच्या दोघांत एवढं सरळ बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. तो म्हणाला, दाखल्याला रेशन कार्ड लागेल आणि रेशन कार्ड आईच्या पेटीत आहे. आईला मी काही सांगू शकणार नाही. तूच सांग. आणि तो खिडकीत जाऊन बसला.

घर तिथून पायी जाण्याइतकं जवळ होतं. सासूबाई अंगणात वाळवण उचलत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. पेला माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. मी त्यांच्या पाया पडले. मग मी कामाचं बोलले. त्या म्हणाल्या, नांदायचं नाही आणि दाखला तेवढा पाहिजे. त्यांचं चुकत नव्हतं. मी खाली मान घालून बसले. मला वाटलं उठावं, वर्ध्याची बस धरावी, शिक्षण सोडावं, परत त्या शाळेत जावं. मी इतकी दमले होते की तसं करणंही सोपं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज उतरला होता.

"मले एकच सांग. तू परत येणार हाय का नाई? तीन वर्सं झाले, मी लोकाईले माहेरी गेली माहेरी गेली म्हणून राह्यली. पोरगा काई बोलत नाई. तू तरी सांग."

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. बाबांनी नाही, त्यानं नाही. मीही टाळला होता. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो थांबेपर्यंत मी थांबले.

"नाही, आई," मी म्हटलं. "येणार नाही."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, माझ्याही नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीसकट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घे. काम झालं की आणून देजो. आन जेवून जाय."

त्यांनी वाढलं. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. आम्ही दोघी जेवलो. जेवताना त्यांनी बाबांच्या डोळ्याची चौकशी केली.

पुढच्या आठवड्यात त्यानं एक दिवस सुटी घेतली. तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र, तहसील, असं आम्ही दिवसभर फिरलो. बाकावर शेजारी शेजारी बसायचं, नाव पुकारलं की दोघांनी उठायचं. एका बाईनं मला विचारलं, कितवं वर्ष लग्नाला? मी सांगितलं. ती म्हणाली, मूलबाळ? मी नाही म्हटलं तर तिनं एका डॉक्टरचं नाव सांगितलं. तो शेजारी बसून ऐकत होता. दाखला मिळाला. त्याचं उत्पन्न मर्यादेच्या बरंच आत होतं. शिक्का मारलेला कागद माझ्या हातात देताना तो थोडा ओशाळला, आणि ते बघून मला त्या दिवसभरात सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मी अर्ज भरला. मला वाटलं, झालं.

महिन्याभरानं अर्ज परत आला. कारण दिलं होतं की नाव जुळत नाही. जातीचा दाखला आणि बी.एड.ची गुणपत्रिका माझ्या माहेरच्या नावाची, उत्पन्नाचा दाखला सासरच्या. दोन्ही नावांची बाई एकच आहे याचा पुरावा जोडा. बाबूंनी खूप शोधून सांगितलं की विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा, त्यावर दोन्ही नावं येतात. आमचं लग्न नोंदवलेलं नव्हतं. विहारात झालं होतं, जेवणावळी झाल्या होत्या, नोंदवायला जायचं राहून गेलं होतं.

या वेळी मी फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "आता लग्न नोंदवायचं?"

मी हो म्हटलं. पलीकडे काट्याचा खडखडाट ऐकू येत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "येजो सोमवारी. साक्षीदार मी पाह्यतो. तुह्या बाबाले आनजो."

आणि अशा रीतीनं, परत येणार नाही असं सांगून झाल्यावर, मी हिंगणघाटच्या नगरपालिकेत माझं लग्न नोंदवलं. बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. सासूबाई लग्नाचा अल्बम पदराखाली धरून आल्या होत्या, कारण लग्नाचा एक फोटो लागत होता. व्याही-विहिणींनी लांबूनच हात जोडले. अल्बम कोणी उघडायचा यावर थोडा वेळ गेला. शेवटी त्यानं उघडला आणि पहिलाच फोटो काढून दिला. त्यात मी खाली बघते आहे आणि तो कॅमेऱ्याकडे. मला त्या मुलीकडे बघवलं नाही.

अधिकाऱ्यानं कागद तपासले आणि सवयीनं विचारलं, "सोबतच राहता ना?"

मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "शिकून राह्यली ते वर्ध्याले." हे खरं होतं. अधिकाऱ्यानं सही केली. कारकून हसून म्हणाला, एवढ्या वर्षांनी नोंदवलं, पेढे कुठं आहेत? नवरा बाहेर गेला आणि खरोखरच पाव किलो पेढे घेऊन आला. कारकुनाला, साक्षीदारांना, बाबांना, सासूबाईंना दिले. शेवटी माझ्यासमोर पुडा धरला. मी एक घेतला. तो मी खाल्ला, तोंडात फिरत राहिला, पाणी पिऊन गिळला. नगरपालिकेच्या पायऱ्या उतरताना बाबा एवढंच म्हणाले की माणूस वाईट नाही. मी म्हटलं, मी कधी वाईट म्हटलं?

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या खांद्यावर झोपले. मला झोपायचं होतं, पण त्यांचं डोकं हलू नये म्हणून मी जागी बसले.

अर्ज मंजूर व्हायला पहिलं वर्ष संपलं. मधे परीक्षेचं हॉलतिकीट अडवलं होतं. मॅडमनी प्राचार्यांकडे जाऊन माझी हमी घेतली तेव्हा ते सुटलं. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पेपर लिहून आलं की ओला पंचा डोक्यावर टाकून मी दुपारभर पडून राहायचे. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करताना पुन्हा त्याचाच दाखला लागला. मी सांगायच्या आत त्यानं तो काढून फोटो पाठवला होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. निर्वाहभत्ता खात्यात आला तेव्हा मी एम.एड. पास होऊन घरी बसले होते.

निकालानंतर काही महिन्यांनी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला की एक स्थळ आलं आहे, विधवा बाई आहे, तिला एक मुलगी आहे. आता आपलं फारकतीचं होऊन जाऊ दे. मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं असावं की मी काहीतरी बोलेन, कारण तो थोडा थांबला. मग म्हणाला, "तुले वाईट नाई ना वाटून राह्यलं?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं, आणि फोन ठेवल्यावर मी दुकानाच्या मागे जाऊन रडले, तेही खरं होतं. दोघांच्या संमतीचं प्रकरण होतं, कोर्टानं फार ताणलं नाही. शेवटच्या तारखेला सासूबाई आल्या नव्हत्या. त्यानं सांगितलं, आईला पायऱ्या चढवत नाहीत.

आता मी सेलू तालुक्यातल्या चार शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. मानधनावर. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना काही नाही, मग पुन्हा ऑर्डर. वर्ध्यात एक खोली घेतली आहे, रविवारी आंजीला जाते. शाळांमध्ये मला बसायला वेगळी जागा नाही. कुठं प्रयोगशाळा, कुठं खेळाच्या सामानाची खोली, एका ठिकाणी व्हरांड्याचं टोक. पोरी येतात. काही गप्प बसतात, काही एकदम बोलतात. त्या विचारतात, मग मी काय करू, आणि माझ्याजवळ पुष्कळदा आजही उत्तर नसतं. फरक एवढाच की आता मी घंटा झाली म्हणून त्यांना उठवत नाही. संध्याकाळी बसमध्ये बसले की अंगातलं सगळं निथळून गेल्यासारखं होतं. खोलीवर येऊन मी दिवा न लावता थोडा वेळ तशीच बसते.

मॅडम निवृत्त झाल्या, तरी फोन करतात. गेल्या महिन्यात त्यांनी सांगितलं की पीएच.डी.साठी एक फेलोशिप निघाली आहे, तुझ्यासारखीसाठीच आहे, मुलींच्या समुपदेशनावर काम कर, मी मार्गदर्शक शोधून देते. मी विचारलं, कागद काय काय लागतात? त्या वाचून दाखवू लागल्या. मी मधेच थांबवलं आणि म्हटलं, मॅडम, या वर्षी नको. त्या नाराज झाल्या असाव्यात. म्हणाल्या, तू तर नवऱ्याकडून दाखला आणलास, आता कशाला घाबरतेस? मी म्हटलं, घाबरत नाही, दमले आहे. पुढच्या वर्षी बघू.

मी व्हरांड्याच्या टोकाला उभी होते. खांबाआड दहावीची एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी बोलून कधी मोकळी होते याची ती वाट बघत असावी. मी मॅडमना नंतर फोन करते म्हटलं, आणि तिला खुर्ची सरकवून दिली.